कासोट्याची जीन्स

भाईंदरजवळ हाटकेशला एका गाळ्यात मी जीन्स शिवते. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा कामाला लागले, आता ती कॉलेजात आहे. इतक्या वर्षांत माझ्या हाताखालून किती पँटी गेल्या असतील देव जाणे, पण माझ्या पायांत एकही गेली नाही. कुणी नको म्हटलं नव्हतं. हलवायाला विचारा, बाबा जिलेबी खातोस का? तसंच ते.

लोकांना वाटतं जीन्स म्हणजे फॅशन. आमच्या गाळ्यात येऊन बसा, मग कळेल. जीन्स म्हणजे आडमुठं कापड. सुई मोडतं, बोटं सोलतं, संध्याकाळी नाक शिंकरलं तर रुमाल निळा. आणि नखरे तर विचारू नका. मी लागले तेव्हा ढगळ पँटी निघायच्या, एकीत दोन माणसं मावतील अशा. मग कंबर खाली घसरायला लागली, इतकी घसरली की शिवताना मलाच लाज वाटायची. मग नळ्या आल्या, पाय आत सरकवायला साबण लावावा लागेल अशा घट्ट. आणि एके दिवशी कटिंगमास्तरने नव्याकोऱ्या पँटीचे गुडघे ग्राइंडरवर घासून फाडायला सांगितले. मी सरळ भांडले. म्हटलं, मास्तर, शिवायला बसलोय की फाडायला? मास्तर यूपीचा, माझ्याच वयाचा, डोकं शांत. तो म्हणाला, "दीदी, फटी हुई का भाव ज़्यादा है।" झालं, लागले फाडायला.

घरी येऊन मी हे आत्यांना सांगितलं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्यात सासूला आत्या म्हणतात आणि सासऱ्याला मामा. मामा जाऊन बरीच वर्षं झाली. आत्या पंचाहत्तरी ओलांडलेल्या, काटक, जिभेला धार. जन्म मुंबईतल्या चाळीत गेला, उतारवय इथे भाईंदरला. कायम नऊवारीत, मागे कासोटा कसा घट्ट खोचलेला, आणि कमरेला मशेरीची डबी. भाईंदर पश्चिमेच्या मार्केटात फूटपाथवर त्यांची लिंबं, आलं आणि कोथिंबीर विकायची जागा. मुलाची नोकरी आहे, सून कमावती आहे, गरज काही नव्हती. पण सकाळी तिथे जाऊन बसल्याशिवाय त्यांना चहा पचायचा नाही. फाटक्या पँटीचं ऐकून त्या म्हणाल्या, "नवी फाडून इकता व्हय? मग माझ्या फाटक्या लुगड्याला का नाय कोन भाव देत?"

अशा बाईचा खुबा मोडला.

ओट्यावर चढून लोणच्याची बरणी काढत होत्या. घरात हाक मारली असती तर चार माणसं धावली असती, पण हाक मारतील तर त्या आत्या कसल्या. ऑपरेशन झालं, आत सळई घातली. घरी सोडताना डॉक्टरांनी आमच्या ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "हाड जुळेल, त्याची काळजी नको. पण आता चालल्या नाहीत, तर पुढे चालणारच नाहीत. त्यांना बसू देऊ नका. जिना उतरल्या की समजा जिंकलो." आमची बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही, आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर.

मला वाटलं, यात कसली अडचण? आत्यांना तर स्वतःलाच खाली जायची घाई. हॉस्पिटलात शुद्धीवर आल्या आल्या त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो जागेचा. मार्केटात एकदा जागा सोडली की सोडली, दुसऱ्या दिवशी तिथे दुसऱ्याची पाटी. पण त्यांच्या शेजारी उत्तनची एक कोळीण बसते, सुकट-बोंबील घेऊन. वर्षानुवर्षं दोघी एकमेकींशी भांडतात आणि एकमेकींच्या डब्यातलं खातात. तिने आत्यांच्या जागेवर आपली रिकामी टोपली उपडी मारून ठेवली आणि माझ्याकडे निरोप दिला, "म्हातारीला सांग, जागा कुठं न्हाय जात." निरोप ऐकून आत्या पलंगावरच ताठ झाल्या. म्हणाल्या, "बघ, ह्याला म्हनत्यात शेजार."

आणि तरीही त्या उठेनात.

गोष्ट अशी झाली की नऊवारी नेसता येईना. नऊवारी नेसायला पाय फाकवून उभं राहावं लागतं, दोन्ही हात मोकळे लागतात, वाकावं लागतं. आत्यांचे दोन्ही हात वॉकरवर. एकदा मी नेसवून बघितली. मी आयुष्यभर सहावारीवाली, आता तर कामावर ड्रेसच. मांडवाचं कापड घेऊन फिरावं तशी मी त्यांच्याभोवती फिरत होते, आणि त्या वॉकर धरून ओरडत होत्या, "अगं भवाने, तिकडनं नाय, इकडनं!" कसाबसा कासोटा खोचला. दुसऱ्या पावलाला सुटला, पायात आला, आणि आत्या मागे पलंगावर बसल्या म्हणून वाचल्या. व्यायाम करून घ्यायला एक फिजिओवाली मुलगी घरी यायची, ती हात जोडून म्हणाली, "काकू, नऊवारी अजिबात नको. स्वतःच्या पायावर नीट उभ्या राहीपर्यंत गाऊन घाला."

मग आमच्या घरात गाऊनपर्व सुरू झालं.

पहिला गाऊन मी मार्केटातून आणला, फिकट जांभळी फुलं, मऊसूत. आत्यांनी तो घातला आणि चादर ओढून आडव्या झाल्या. फिजिओवाली आली तर उठेनात. "ह्या झग्यात मी नाय उभी राहनार कोनापुढं. नागडं वाटतंय." आम्ही समजलो, गळा मोठा आहे. मी दुसरा शिवला, बंद गळ्याचा, मनगटापर्यंत बाह्या. तोच जप. नागडं वाटतंय. आम्ही समजलो, कापड पातळ आहे. मग आत परकर घातला, वरून ओढणी दिली. ह्यांनी कुठूनतरी एक काफ्तान आणला, त्यात आत्या आणि त्यांचा वॉकर दोघंही मावले असते. तरी तेच. कुरिअरवाला दारात आला तरी आत्यांची चादर नाकापर्यंत. ह्यांनी समजावलं, नातीने समजावलं. आई, अगं, आता सगळ्याच म्हाताऱ्या बायका घालतात. आजी, तू किती क्यूट दिसतेस. क्यूट म्हटल्यावर आत्यांनी तोंडच फिरवलं.

बाथरूमपर्यंत जायच्या, तेवढंच. बाकी पलंग, भिंत आणि पंखा. दुखरा पाय बारीक व्हायला लागला. मी तेल लावायला बसले की हाताला समजायचं, मांस उतरतंय. बोलणंही कमी झालं. मला त्यांच्या जिभेचा कायम राग यायचा, आता तीच जीभ गप्प झाली. ही बाई अशीच पडून पडून संपणार, असं मला वाटायला लागलं आणि मी कामावर मशीनवर बसून रडायचे. मास्तर चहा आणून ठेवायचा.

भीतीचा माझ्याकडे राग होतो, हा माझा जुना आजार. एका रविवारी फिजिओवाली परत गेली, आत्या उठल्याच नाहीत, आणि माझा पारा चढला. म्हटलं, "आत्या, गळ्यापासून टाचेपर्यंत झाकलंय तुम्हाला! आत परकर, वर ओढणी! आता काय गादीची खोळ चढवू अंगावर? अजून कुठे उघडं राहिलंय ते तरी सांगा!"

आत्या उसळून उठून बसल्या. कितीतरी दिवसांनी स्वतःहून बसल्या.

"वरनं झाकून काय उपेग? खालनं वारं येतंय! कासोटा नाय तर बाईनं चालायचं कशाच्या जोरावर? तुमी आपले वरनं वरनं कापड चढिवताय. मला मधी पायजे, मधी! आवळून धरनारं!"

ह्यांच्या हातातला पेपर खाली आला. मुलगी मोबाईल ठेवून हसायला लागली आणि मग मीही. आत्यासुद्धा. बाई गं, केवढा मूर्खपणा! नऊवारीत ह्या बाईच्या पोटऱ्या आयुष्यभर उघड्या होत्या, भर मार्केटात, आणि तिला त्याचं कधी काही वाटलं नाही. आम्ही सहावारीवाल्या आणि गाऊनवाल्या आमच्या मापाने तिची लाज मोजत होतो. तिचं झाकणं म्हणजे आवळणं. कासोटा कसला की ती ओझं उचलायची, बस पकडायची, भांडायला उभी राहायची. तो सुटला की तिच्या लेखी अंगावर काहीच नाही, मग वरून ताजमहालाएवढा गाऊन असो.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना सलवार घालून बघितली. दोन पायांची आहे, म्हटलं, चालेल. आत्यांनी वॉकर धरून चार पावलं टाकली, नाक मुरडलं. "हे काय सुळसुळतंय. घातलंय का नाय तेच कळंना." लेगिंग तर हातात घेऊन बघितली आणि परत दिली. म्हणाल्या, हा पायमोजा तुझ्या पोरीला घाल.

मुलगी कॉलेजातून आली आणि आजीच्या पलंगावर मांडी घालून बसली. तिची जीन्स साधी, जाड, जुन्या पद्धतीची, मीच शिवून दिलेली. आत्यांनी बोलता बोलता तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग कापड चिमटीत धरलं. चोळलं. वाकून वासही घेतला.

"ही तर माझ्या बाची डांगरी हाय," आत्या म्हणाल्या.

त्यांचे वडील गोदीच्या वर्कशॉपात फिटर होते, एवढं मला माहीत होतं. डांगरी म्हणजे तिथल्या कामगारांचे निळे जाड कपडे, तेलाने माखायचे, घासून घासून धुवायचे. मुलीने लगेच मोबाईल काढला. तिचं काय, प्रत्येक गोष्टीचं उत्तर तिला तिथे मिळतं. ती वाचून सांगायला लागली की आजी, ही जीन्स खरंतर मजुरांचीच आहे. अमेरिकेत खाणीत काम करणारे लोक होते, त्यांच्या पँटी फाटायच्या, म्हणून अशा जाड कापडाच्या शिवायला लागले. आणि मुंबईत डोंगरीच्या बाजारात एक जाडंभरडं कापड मिळायचं, गोरे खलाशी त्याच्या पँटी शिवून घ्यायचे, त्या डोंगरीवरूनच त्यांच्या भाषेत डंगरी शब्द गेला. मला हे काही माहीत नव्हतं. मी मारे इतकी वर्षं शिवतेय आणि तसलंच कापड आपल्या डोंगरीतून बोटीत बसून गेलंय!

"आणि हे बघ," मुलीने खिशाच्या कोपऱ्यावरचं तांब्याचं बटण दाखवलं, "हे शोभेचं नाही. मजूर खिशात हत्यारं ठेवायचे, खिसे उसवायचे, म्हणून कुणा शिंप्याने इथे धातूचा ठोका मारला."

आत्यांनी त्या ठोक्यावरून अंगठा फिरवला. "माज्या बाचा खिसा पान्यानं असाच फाटायचा. आय रोज रात्री शिवायची आन् बोंबलायची. तिला कोन सांगनार व्हतं असा ठोका मारायचा म्हनून." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मजुराचं कापड हाय ना? मग मला शिव."

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण त्यांनी पाय खाली सोडले आणि वॉकर जवळ ओढला. चेष्टेत कुणी वॉकर ओढत नाही.

ह्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. "आई, तू जीन्स घालून मार्केटात बसणार? लोक हसतील."

"हसतील आन् लिंबंबी घेतील," आत्या म्हणाल्या. "तुला काय तरास हाय?"

मी मास्तरला माप सांगितलं तर त्याने विचारलं, "किसके लिए?" सासूसाठी म्हटल्यावर तो आधी हसला. मग खुब्याचं ऐकलं आणि गंभीर होऊन कागदावर रेघा मारायला लागला. एका रोलचा उरलेला तुकडा होता, त्यातून निघेल म्हणाला. दोघांनी मिळून ती पँट बनवली. कंबर इलॅस्टिकची, कारण चेन आणि बटण त्यांना जमणार नाही. दुखऱ्या बाजूची शिवण कमरेपासून मांडीपर्यंत उघडी ठेवली आणि तिथे टिचबटणं लावली, म्हणजे पाय फार उचलायला नको. पुढे एक चोरखिसा. जीन्सला मोठ्या खिशाच्या आत जो एवढासा खिसा असतो ना, तो पूर्वी साखळीच्या घड्याळासाठी असायचा असं म्हणतात. मी तो थोडा मोठा केला, मशेरीच्या डबीच्या मापाचा. आणि दोन्ही खिशांना तांब्याचे ठोके. मास्तर म्हणाला, इलॅस्टिकच्या पँटीला रिव्हेट कोण लावतं? म्हटलं, मी लावते. मार!

मागची मधली शिवण मी स्वतः मारली. जीन्सची ती शिवण दुहेरी दुमडलेली असते, दोराएवढी जाड, मधून निघून पाठीमागे थेट कमरेपर्यंत चढते. पाठ मी मुद्दाम उंच ठेवली होती. शिवताना अचानक ध्यानात आलं आणि मी पायाखालचा पेडल सोडला. कासोटा जिथून जातो आणि जिथे खोचतात, नेमकी तिथूनच ही शिवण जाते. इतकी वर्षं मी हीच शिवण मारत होते आणि माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी मास्तरला ओरडून सांगितलं. कासोटा म्हणजे काय हे त्याला समजेना, तेव्हा हातवारे करून दाखवलं. सगळा गाळा हसत होता. तो म्हणाला, "अच्छा, धोती की लांग!" हो बाबा, तेच.

कोरं कापड पत्र्यासारखं असतं. घरी आणून मी पँट बादलीत मिठाच्या पाण्यात भिजवली, रंग बसावा म्हणून. आत्या बाथरूमच्या दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. पाणी निळं व्हायला लागलं तसं त्या पुढे वाकून बघायला लागल्या.

"अस्संच व्हायचं पानी," त्या म्हणाल्या. "डांगरी मीच धुवायची. आय कामाला, मी थोरली. चाळीच्या मोरीत बसून घासायची, तर हात मनगटापर्यंत निळं. शाळेत बाई म्हनल्या, शाईनं हात भरिवलं व्हय? छडी मारली. मी सांगितलं, बाई, शाई नाय, बाची डांगरी हाय. तर उलट बोलते म्हनून अजून मारली. मग मी शाळेतच नाय गेले."

हे मला कधी माहीत नव्हतं. ह्यांनाही नव्हतं. मी बादलीपाशी बसले होते, माझे हात निळे झालेले. मी म्हटलं, "आत्या, माझे पण बघा." त्यांनी माझा ओला हात हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला, आणि म्हणाल्या, "तुला कोन मारीत नाय ना?" मी नाही म्हटलं. "मग झ्याक हाय," म्हणाल्या.

पँट दोन-तीनदा धुतली आणि मऊ झाली. मी टिचबटणं लावून दिली, आत्या वॉकर धरून उभ्या राहिल्या. एक पाऊल. मग दुसरं. दिवाणखान्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या, तिथे वळल्या आणि परत आल्या. मागे हात नेऊन ती जाड शिवण त्यांनी चाचपून बघितली. "हां," म्हणाल्या. "आता मानसात आल्यावानी वाटतंय."

वर काय घालायचं हा प्रश्न त्यांनीच सोडवला. गावाकडे बायका शेतात जाताना लुगड्यावर नवऱ्याचा सदरा चढवतात, ऊन आणि काटे लागू नयेत म्हणून. कपाटात मामांचे दोन पांढरे सदरे अजून होते, आत्यांनी ते कुणाला दिले नव्हते. संध्याकाळी कामावरून आले तर बघते काय, आमचे हे, ज्यांनी आयुष्यात स्वतःच्या शर्टालाही इस्त्री केली नाही, ते वडिलांच्या सदऱ्याला इस्त्री करत उभे होते. कॉलरचा चुथडा करून ठेवला होता. ते मान वर न करता म्हणाले, "लोक हसले तर हसू देत." मला त्या क्षणी नवऱ्याचा फार अभिमान वाटला. कॉलर मात्र मी पुन्हा केली.

त्यानंतर फिजिओवालीची मज्जाच मज्जा. तिने एक व्यायाम सांगितला की आत्या दोन करायच्या आणि वर तिलाच झापायच्या, "तुझं हात किती नाजूक, पोरी, दाबतीस का गुदगुल्या करतीस?" वॉकर सुटला, काठी आली. मग जिना. पहिल्या दिवशी अर्धा जिना, मग एक मजला. जिन्यात शेजारीपाजारी दार उघडून बघायचे. दुसऱ्या मजल्यावरच्या गुजराती बेन तोंडाला पदर लावून हसल्या. मग त्यांनी जवळ येऊन कापडाला हात लावला आणि मला हळूच स्वतःसाठी विचारलं, "मारा माटे भी बनेगा क्या?" त्यांच्या गुडघ्यांचं दुखणं जुनं आहे.

आणि मग तो दिवस आला. मी गाळ्यावर उशिरा येते म्हणून सांगितलं. आत्यांनी सकाळीच जीन्स चढवली, वर मामांचा सदरा, जुन्या नऊवारीचा अर्धा तुकडा ओढणीसारखा डोक्यावरून घेतला, कुंकू नाही पण गोंदण ठसठशीत, आणि मशेरीची डबी चोरखिशात. कठडा धरून, एकेक पायरी, तिन्ही मजले उतरल्या. ह्यांना त्यांनी हातसुद्धा लावू दिला नाही, हे आपले दोन पायऱ्या पुढे उलटे चालत होते. रस्त्यावर आल्यावर आत्यांनी मागे वळून जिन्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "एवढाच व्हता व्हय?" ह्यांनी चष्मा काढून पुसला. तिथून रिक्षा केली.

मार्केटात लोक बघतच होते. बघणारच. फुलवाला हातातला हार तसाच धरून उभा. कोणीतरी मोबाईल काढला, आत्यांनी नुसतं बघितलं, तर त्याने तो परत खिशात घातला. कोळणीने आम्हाला लांबूनच बघितलं. आधी ओळखलंच नाही. ओळखलं तेव्हा बोंबलांवरची माशी हाकलायची विसरली, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि इतकी हसली, इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. आत्या ठाम उभ्या.

"हस हस. झालं का हसून?"

"मरू दे गो," कोळीण डोळे पुसत म्हणाली, "आमची पोरं थंडीत बोटीवर हीच घालतान." मग तिने खाली वाकून आत्यांच्या जागेवरची आपली टोपली उचलली. खालची फरशी स्वच्छ होती, रोज झाडलेली. मांडी घालून बसायची डॉक्टरांची बंदी, म्हणून मी घरून प्लास्टिकचं स्टूल नेलं होतं. आत्या त्यावर पाय रोवून बसल्या. कोळणीने न विचारता लिंबांची पाटी समोर सरकवली. आम्ही येणार हे मी तिला कळवलं होतं, म्हणून घाऊक बाजारातून तीच घेऊन आली होती.

पहिलं गिऱ्हाईक एक कॉलेजची पोरगी, गुडघ्यावर फाटकी जीन्स घातलेली. ती लिंबं निवडायचं सोडून आत्यांच्या पँटीकडे बघत राहिली. म्हणाली, "आजी, मस्त आहे हां! कुठून घेतली?"

"माज्या सुनेनं शिवली," आत्या म्हणाल्या. "तुझी फाटलीय, तिच्याकडं दे, शिवून देईल."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते दिसू नये म्हणून मी निघाले, गाळ्यावर उशीर होतोय असं काहीतरी पुटपुटले. चार पावलं गेले तर मागून हाक आली. वळले. आत्या चोरखिशातून डबी काढत होत्या. तिथूनच, भर मार्केटात, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं,

"मला तर खुबा मोडला तवा घालायला मिळाली. तू काय मोडायची वाट बघतीस गं?"

कोळीण पुन्हा हसायला लागली. मी रिक्षेला हात केला.

हाटकेशला पोचले तेव्हा मास्तर टेबलावर कापड पसरत होता. आत्या उतरल्या का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, उतरल्या, बसल्या, विकायला लागल्या. तो मनापासून खूश झाला. मग मी त्याला म्हटलं, मास्तर, अजून एक पँट काढायची आहे, लेडीज. "किसके लिए?" त्याने सवयीने विचारलं आणि गळ्यातली टेप काढली.

टेप मी त्याच्या हातातून घेतली आणि स्वतःच्या कमरेला लावली. आकडा मी त्याला सांगितला, तुम्हाला सांगणार नाही.